सोयाच्या दुधावरची साय

४ ऑगस्ट

आज पहिली साय न फाटता निघाली. बांबूच्या काडीवर उचलली. देवकाबाई म्हणाली, "मॅडम, हे तं लुगड्यावानी आहे जी." उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसली.

वही सुरू करायला एवढं निमित्त पुरे. अकरा वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. एप्रिलात कॉलेजनं कंत्राट पुढं चालवलं नाही. नोंद करायची सवय मात्र गेली नाही.

लोक विचारतात, धानाच्या मुलखात सोयाबीन कायले? मी सांगते, धान सगळेच पिकवतात, साय कुणी काढत नाही. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, गाळायचं. दूध उथळ ट्रेमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर तापत ठेवायचं, उकळू द्यायचं नाही. दहा-बारा मिनिटांत वर साय धरते. ती उचलून वाळवायची. चीन-जपानात लोक शेकडो वर्षं हे खातात. नागपूर-रायपूरच्या हॉटेलांना आता ते हवं झालंय.

गोदाम भाऊजींचं, म्हणजे माझा नवरा हिमांशू याचे मोठे भाऊ भुपेंद्र यांचं. सोयाबीनही तेच आणतात. राजनांदगावकडून येणाऱ्या ट्रकमधून पोती कोहमाऱ्याला उतरवतात. हिमांशू आपलं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान सांभाळून वाफेची भट्टी बघतो. हाताखाली देवकाबाई आणि चंदा.

पहिली साय मामाजींना दिली. माझे सासरे, चैतराम. हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खाऊन म्हणाले, "बिनअंड्याचा आमलेट आहे वं हा!" रोजची पहिली साय आपली, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. संध्याकाळच्या मोहाच्या दारूच्या पेल्यासोबत. पेल्याबद्दल मी गप्प बसले. जूनमध्ये पाहुण्यांसमोर बोलले होते, तेव्हा आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

९ ऑगस्ट

दुर्गाप्रसादजी आले होते. गोंदियाचे व्यापारी, हॉटेलांना माल पुरवतात. पांढरे कपडे, हाताला अत्तराचा वास. एकेक साय खिडकीशी धरून पाहिली. "मॅडमजी, चीज अच्छी है. लेकिन मुझे हर बार यही चाहिए. आज रेशम और कल कागज, ऐसा नहीं चलेगा." दहा सप्टेंबरपर्यंत चाळीस किलो वाळलेला माल मागितलाय.

चाळीस किलो! भाऊजींनी लगेच हो म्हटलं. मी एका ट्रेमधून किती निघते त्याचं गणित मनात करत होते. पहिल्या आठ-दहा सायी उत्तम निघतात. दुधातली प्रथिनं आणि तेल आधी वर येतात, तेच मिळून पडदा बनतो. मागं साखर उरत जाते. म्हणून शेवटच्या सायी तांबूस, गोड आणि ठिसूळ. हॉटेलला पहिल्याच लागणार. शेवटच्या चंदा आवडीनं खाते. तिला पाचवा महिना चालू आहे. गोड खावंसं वाटतं म्हणते.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून परत आलो तर भाऊजींनी नवीन पोती उतरवून ठेवली होती. आधीचं सोयाबीन संपलंच होतं. या दिवसात माल मिळत नाही, नवं पीक यायला दोन महिने. तरी यांनी कुठून तरी बारा पोती मिळवली. शिवाय धुऊन, वाळवून आणलीत.

"कायले धुतलं भाऊजी? आपण धुतोच ना."

"तुमचं काम हलकं केलं तं त्याचंही विचारून राहिली! गंज माती होती त्यात, ढीगभर."

दाणे मोठे, एकसारखे. निवडायला काहीच नाही. एक खडा नाही.

१६ ऑगस्ट

भिजवलेल्या पाण्याला गुलाबी झाक आली. फार नाही, लाल टोमॅटो चिरलेली सुरी धुतल्यावर येते तेवढी. पाणी बदललं तर दुसऱ्यांदा जवळजवळ स्वच्छ. भाऊजींना फोन केला. म्हणाले, पोती आधी गुलालाची होती. असेल. पण गुलालाची पोती एवढी स्वच्छ कशी?

आज साय धरायला बावीस मिनिटं लागली. उचलली की मधोमध फाटते.

१७ ऑगस्ट

नऊ ट्रे, एक धड साय नाही. दूध पाणचट नाही. मीटर घनपदार्थ नऊ टक्के दाखवतो, म्हणजे पाहिजे तेवढेच. तापमान दर पाच मिनिटांनी पाहिलं. भट्टीत दोष नाही, पाणी तेच, कापड तेच. बदललं आहे ते फक्त सोयाबीन.

मामाजींसाठी फाटकीच साय नेली. "फाटली तं काय झालं, पोटात जाऊन फाटतेच ना," म्हणाले.

१९ ऑगस्ट

चंदाचे हात मनगटापर्यंत लाल झालेत, बारीक पुरळ. खाजवते. देवकाबाई म्हणते, पाण्यातल्या कामानं होते. धानाच्या रोवणीच्या वेळी बायांच्या पायाला होते तसं. खोबरेल लावायला दिलं. रबरी हातमोजे आणायला हवेत.

आजही साय फाटली. दुर्गाप्रसादजींचा फोन घेतला नाही.

२१ ऑगस्ट

आचलचा फोन आला. माझी एमएस्सीची मैत्रीण, नागपूरला खासगी प्रयोगशाळेत असते. परवा बसनं दाणे आणि दुधाची बाटली पाठवली होती. ती म्हणाली, "दाण्यात प्रथिनं अडतीस टक्के आहेत, एकदम ठीक. पण दुधात उतरलीच नाहीत गं. दाण्यातच अडकून बसली आहेत. खूप दिवस गरम, दमट जागी पडलेला माल आहे हा. आणखी काही तपासू का?"

मी नको म्हटलं. कारण मला उत्तर मिळालं होतं! प्रथिनं कमी विरघळली, तेलाचं प्रमाण त्या मानानं वाढलं, म्हणून पडदा नरम. किती सरळ आहे.

भाऊजींना विचारलं, माल जुना आहे ना?

"एका उन्हाळ्याचा. आताच्या दिवसात नवा कोठून आणू? शेतातून उपटून?"

खरं बोलले, बरं वाटलं. जुना आहे हे कळलं की त्यावर उपाय करता येतो. दुधात खाण्याचा सोडा किंचित टाकायचा. अडकलेली प्रथिनं सुटतात. जास्त झाला तर साबणासारखी चव येईल, पिवळी पडेल. पीएच पाहायच्या कागदाच्या पट्टीवर साडेसात-आठच्या मध्ये राहायला हवं.

२४ ऑगस्ट

जमलं.

वाटतानाच पाण्यात सोडा टाकला, पाणी थोडं कमी केलं. तेरा मिनिटांत साय. उचलली, फाटली नाही. दुसरी, तिसरी, अकरावी! चार तारखेच्या सायीपेक्षाही चिवट. चंदानं दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि हसायला लागली. मी गोदामाबाहेर येऊन उगाच उभी राहिले. अकरा वर्षं फळ्यावर जे लिहिलं ते पहिल्यांदा माझ्या कामी आलं.

दुर्गाप्रसादजींना फोटो पाठवला. त्यांनी हात जोडलेली सहा चिन्हं पाठवली.

देवकाबाईनं एक अंडं दाखवायला आणलं होतं. वर कवच नाही, नुसती कातडी, तळहातावर लिबलिबत होतं. "दोन कोंबड्या असेच देऊन राहिल्या मॅडम. चोथा तं रोज पोटभर खाऊन राहिल्या." वाटून उरलेला चोथा आणि फाटक्या सायी तीच नेते, मोहल्ल्यातही वाटते. कॅल्शियम कमी पडत असेल म्हणून मी शिंपले कुटून घालायला सांगितले. अंड्याकडं पाहून चंदाला उमासा आला.

२८ ऑगस्ट

आज तालुक्याच्या गावी, गोरेगावच्या बाजारात पहिल्यांदा लहान पाकिटं विकायला ठेवली, बघू तरी म्हणून. साठ पाकिटं दुपारपर्यंत संपली. जास्त करून बायाच घेत होत्या. भाजीत कशी घालायची ते मी सांगत होते. भाऊजी स्वतः हाका मारत होते, "सोयाची साय, ताकदीची साय!" इतके खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी आले तर मामाजी ओसरीवर बसलेले, चेहरा लालभडक, कानाच्या पाळ्यासुद्धा. छाती धडधडते म्हणाले. दोनच घोट घेतले होते. मी लिंबूपाणी केलं, तासाभरानं उतरलं. आत्याबाई म्हणाल्या, उन्हात बसले दिवसभर. मला वाटतं रक्तदाब असावा. तपासून घ्यायला हवा, पण मी म्हटलं की तो पेल्यावरचाच टोमणा वाटतो, म्हणून हिमांशूला सांगितलं.

३१ ऑगस्ट

पहिला माल गेला. बावीस किलो. दुर्गाप्रसादजींनी एकही साय नाकारली नाही.

देवकाबाई उशिरा आली. तिचा नवरा चुन्नीलाल काल पिऊन आला आणि उलट्या करकरून अर्धमेला झाला. तिच्या मोहल्ल्यात आणखी एकाचं तसंच झालं म्हणे. कुणाच्या तरी भट्टीवरची दारू खराब निघाली असं सगळे बोलताहेत. "काही टाकून राहिले त्यात, युरिया का काय," देवकाबाई म्हणाली. मी म्हटलं, बरंच आहे, निदान त्या भीतीनं तरी सोडतील.

तिच्या कोंबडीची पिल्लं पायावर उभी राहत नाहीत. गुडघ्यावर बसल्यासारखी सरकतात. चंदाही सुट्टीवर, मळमळते म्हणून.

उरलेला अठरा किलो माल मला दोघींचं काम एकटीनं करून काढावा लागणार.

३ सप्टेंबर, गोंदिया

हे दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहितेय.

काल पोळा. मामाजींनी दुपारी स्वतः बैल धुतले, शिंगांना बेगड लावली. जेवणात मी सायीची भाजी केली होती, त्यांनी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी बैल तोरणाखाली उभे करायला गेले. तिथं चार जणांनी पेल्याचा आग्रह केला, सणाचा दिवस. पोळा फुटून बैल सुटायच्या आत मामाजी खाली बसले. मग आडवे झाले. चेहरा आधी लाल, नंतर राखेसारखा. श्वास ओढत होते. हिमांशूनं एका ओळखीच्याची गाडी थांबवली. रस्ताभर आत्याबाई त्यांचे पाय चोळत होत्या.

आज सकाळी डॉक्टर बाहेर आले. तरुण आहेत, नम्र आहेत. रक्तदाब फारच पडला होता, आता सावरताहेत म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "घरात यांना कुणी दारू सोडवायचं औषध देतं का? लपवून? चहात, भाजीत? बरेच लोक देतात. त्यावर दारू प्यायली तर असंच होतं."

हिमांशू नाही म्हणाला. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"तूच ना वं?" त्या म्हणाल्या. "तुले त्याचं पिणं पायवत नव्हतं. काल भाजी कोणं वाढली? तूच वाढली."

"आत्याबाई, मी कशाला असं करीन?"

"शिकलेली आहे तू. तुले सारं ठाऊक असते."

व्हरांड्यातले लोक वळून पाहायला लागले. हिमांशू मध्ये पडला नाही. तो माझ्याकडं पाहत होता. त्यालाही क्षणभर तसंच वाटलं असावं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

मी काही दिलेलं नाही. हे इथं लिहून ठेवते. मी काहीही दिलेलं नाही.

४ सप्टेंबर

मी दिलं आहे. रोज दिलं.

काल दिवसभर डॉक्टरांचा प्रश्न डोक्यात होता. ते औषध मी वर्गात शिकवायची. त्याची गोष्ट पोरांना आवडायची: परदेशात एका रबराच्या कारखान्यातले कामगार कामावरून सुटल्यावर दारूला तोंड लावत, आणि लाल होऊन धडधडत खाली बसत. कारखान्यात वापरायच्या एका गंधकाच्या रसायनामुळं. ते औषध त्या रसायनाचं सख्खं भावंड. मी फळ्यावर दोघांच्या रचना शेजारीशेजारी काढायची. आणि शेवटी सांगायची, की हेच रसायन शेतकरी ओळखतात, पेरायच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून चोळतात, थायरम. बियाणं ओळखू यावं म्हणून त्यात रंग घालतात.

व्हरांड्यातल्या बाकावर मला हे सगळं एकदम दिसलं. रंग पाण्यात धुतला जातो. औषध पाण्यात फारसं जात नाही, ते तेलात जातं. तेल पहिल्या सायीत येतं. पहिली साय मामाजींची.

एसटीनं गोरेगावला आले, तिथून गोदामात. उरलेली तीन पोती जमिनीवर रिकामी केली. तिसऱ्या पोत्याच्या तळाशी, शिलाईच्या कडेत अडकलेले दहा-बारा दाणे होते. धुवायचे राहिलेले. कुंकवासारखे लाल.

भाऊजी आले तेव्हा मी ते दाणे हातात घेऊन बसले होते. त्यांनी पाहिले आणि टोपी काढून खुंटीला अडकवली, जसं काही झालंच नाही.

"बियाणं होतं ना हे?"

"उरलेलं होतं. तारीख संपलेली. दुकानदार फेकूनच देणार होता."

"त्यावर विष असतं भाऊजी. पिशवीवर लिहिलेलं असतं."

"तीनदा धुतलं! मी स्वतः धुतलं, नहराच्या पाण्यात. डाळ नाही का धुऊन खात आपण? रंग गेला, मग काय राहिलं त्यात?"

"मामाजी तिकडं—"

"तो माझा बाप आहे," ते ओरडले. मग खाली बसले. जमिनीवरचे दाणे मुठीनं गोळा करायला लागले. मग म्हणाले, "साय तं चांगली होऊन राहिली होती ना. तूच म्हणत होती, चांगली झाली."

होय. मीच म्हणत होते. तेवीस ऑगस्टपर्यंत साय स्वतःहून फाटत होती. त्या दाण्यातून माणसानं खायचं काही निघत नव्हतं. सोडा टाकून मी तिला धरायला लावलं.

पाण्याचा रंग मी पाहिला होता, चंदाचे हात आणि ते बिनकवचाचं अंडंही. आचलनं विचारलं होतं, आणखी काही तपासू का. मी नको म्हटलं.

५ सप्टेंबर

सकाळी डॉक्टरांना दाणे दिले, सगळं सांगितलं. आत्याबाई बाजूलाच होत्या. त्यांना कळलं की नाही कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे भुपेंद्रनं आणलं?" मी हो म्हटलं. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. परवा माझ्यावर जेवढा राग होता तेवढाही आता त्यांच्यात उरलेला दिसला नाही.

तिथूनच चंदाला फोन लावला. सोनोग्राफीसाठी आजच चल म्हटलं. ती म्हणाली, "कायले मॅडम? मळमळ तं आता कमी आहे." मी तिला कारण सांगितलं. 

दुर्गाप्रसादजींना फोन करायच्या आधी हिमांशूनं मला दवाखान्याच्या मागं नेलं. "माल परत मागव. म्हण, बुरशी धरली. कारण कायले सांगतेस? दादा आत जाईल. तू पण जाशील."

"हॉटेलात लोक दारूबरोबर खातात हिमांशू."

"मालूम आहे मला," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून रडायला लागला. बारा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याच्यासमोरच फोन लावला.

दुर्गाप्रसादजींनी सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाले, "मॅडमजी, तीन जगह गया है माल. एक जगह तो उसी दिन पार्टी थी." आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तो उचलला नाही. तासाभरानं त्यांचाच संदेश आला: सोळा किलो सापडला, मी स्वतः आणायला निघालोय.

सहा किलो लोकांच्या पोटात गेला. पार्टीत काय झालं ते ते सांगत नाहीत. मी विचारलंही नाही. उद्या विचारीन.

दुपारी अन्न प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज दिला.

७ सप्टेंबर

गोदामाला सील लागलं. नमुने नेले. भाऊजींनी जबाबात सगळं कबूल केलं, दुकानदाराचं नाव मात्र सांगत नाहीत. म्हणाले, त्याला ठाऊक नव्हतं मी खायला नेतोय. जाऊबाई माहेरी गेल्या.

मामाजी घरी आले. चालताना भिंत धरतात. सगळं त्यांना आत्याबाईंनी सांगितलं. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "तू रडू नको. माझ्या जिभेले तं चांगलंच लागत होतं." मग भाऊजींना हाक मारली. भाऊजी अंगणातच उभे राहिले, आत आले नाहीत.

चंदाच्या तपासणीत बाळाचे ठोके ठीक आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचं आताच सांगता येत नाही. दर महिन्याला या. चंदानं जाताना मला विचारलं, "मी शेवटच्याच खाल्ल्या ना मॅडम? तुम्हीच म्हटलं, तेल पहिलीत येते." मी हो म्हटलं. शेवटच्या सायीत काहीच नसतं, हे मला खात्रीनं माहीत नाही.

बाजारातली साठ पाकिटं राहिली. कोणी नेली ठाऊक नाही. हिमांशूनं आज ऑटोवर भोंगा बांधला आणि मी स्वतः बोलले. गोरेगाव, आजूबाजूची नऊ गावं. "सोयाची साय खाऊ नका. पाकीट परत आणून द्या. खाल्ली असेल तर दारूला हात लावू नका, जिवाला धोका आहे." माझाच आवाज मोठा होऊन धानावरून परत येत होता. लोक बांधावर उभे राहून ऐकत होते. काही हसले.

११ सप्टेंबर

आज बाजारात टेबल टाकून बसले. तिथंच, जिथं विकायला बसलो होतो. पुठ्ठ्यावर लिहिलं: साय परत करा. हिमांशू शेजारी उभा होता. कुणी ओळखीचं दिसलं की तो खाली बघायचा.

दुपारपर्यंत एकतीस पाकिटं आली. काही फोडलेली, काही तशीच. एका म्हाताऱ्यानं आणून दिलं आणि टेबलावर थुंकला. मी पुसून घेतलं. काही बायांनी सांगितलं, खाऊन टाकली, कुणाला काही झालं नाही. त्यांची नावं लिहून घेतली.

साडेतीनच्या सुमारास एक बाई आली. पस्तिशीची असेल. भाजीची पिशवी, हिरवं लुगडं, डाव्या भुवईवर जुनी शिवलेली खूण. माझ्यासमोर थांबली, इकडंतिकडं पाहिलं.

"तुम्हीच बोलल्या ना भोंग्यावर?"

"होय. पाकीट आणलं का?"

"नाई. अजून आहे का, तेच विचारून राहिली."

मला वाटलं तिला समजलं नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, घरी बोलतात तसं. ती मान हलवत ऐकत होती.

"माझ्याकडे दोन पुडे होते," ती म्हणाली. "भाजीत टाकत होती थोडीथोडी. मले मालूम नव्हतं काय आहे त्यात. त्यानं दोनदा घेतली आणि दोनदा वकला, धडधड धडधड. आता बाटलीकडे पायतच नाई. म्हणते कोणं करणी केली. आठ दिवस झाले, माझ्या घरी भांडं आपटलं नाई. मग तुमचा भोंगा आला, तेव्हा समजलं."

"बाई, ते विष आहे. त्यानं पुन्हा जास्त घेतली तर त्याचं काळीज बंद पडेल. माझे सासरे मरता मरता वाचले."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्याचं बंद पडन," ती म्हणाली. "माझं तं सुरू राहीन ना."

मी उठून उभी राहिले. नाव विचारलं. रुख्मा म्हणाली, आडनाव सांगितलं नाही. गाव विचारलं तर बस स्टँडकडं हात केला. म्हटलं, उरलेलं असेल ते तरी दे. दारू सोडवायला दवाखाना आहे, मी तुला घेऊन जाते, तुझ्याबरोबर येते. "तो येईन का?" एवढं विचारून ती हसली. मी तिचा दंड धरला. तिनं रागानं नाही, हळूच माझी बोटं एकेक करून सोडवली, आणि कांद्याच्या ढिगांमधून गर्दीत निघून गेली. हिमांशू मागं धावला. स्टँडवर तीन गाड्या सुटायच्या बेतात होत्या. ती कुठल्या गाडीत बसली ते त्याला दिसलं नाही.

मी परत टेबलाशी आले तेव्हा तिथं दोन बाया उभ्या होत्या. एकीचा डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. पाकीट परत द्यायला आल्या असतील म्हणून मी हात पुढं केला.

त्यांच्या हातात काही नव्हतं. शेजारचा माणूस पुढं सरकेपर्यंत त्या थांबून राहिल्या, मग एकीनं हळूच विचारलं, "अजून आहे का, मॅडम?"